शिडीचा पाय

चाळीस वर्षं मी या गावात गणित शिकवलं आणि चाळीस वर्षं लोक मला बघून रस्ता ओलांडत आले. बेकरीत गेले की बेकरीवाला अजूनही पिठाचे हात मागे लपवतो, जशी काही मी त्याची वही तपासायला आलेय. मी स्तामेंका. तोंडाने फटकळ आहे, ते माझं मला ठाऊक आहे, कुणी सांगायला नको. पण फुकटचा एक गुण मी आयुष्यात कुणाला दिलेला नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं ऐकताना कुणाच्या मनात नसत्या शंका यायला नकोत.

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी दारावर थाप पडली. उघडून बघते तर दार भरून एक माणूस. एका हातात अर्धा किलो कॉफी, दुसऱ्या हातात साखरेच्या वड्यांचा पुडा.

"बाई, ओळखलंत का?"

"न ओळखायला काय झालं? वितोमिर. पहिलं वर्ष, ब तुकडी, खिडकीजवळचा बाक. तुला अवयव पाडता येत नव्हते."

"अजून येत नाहीत," तो म्हणाला आणि पायपुसण्याला पाय पुसून आत आला.

वितोमिर आमच्या गावच्या आगीच्या बंबावर आहे. पंचवीस वर्षं झाली. त्यातली अकरा वर्षं तो पाळीप्रमुख. आता वरून नवा हुकूम आला होता, की पाळीप्रमुखाची चार वर्षांची माध्यमिक शाळा पूर्ण झालेली हवी. वितोमिरची झाली होती तीन वर्षांची. एक सप्टेंबरच्या आत चौथं वर्ष बाहेरून बसून पुरं करायचं, नाहीतर प्रमुखाची टोपी उतरवायची.

तीनच वर्षं का, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. पहिल्या वर्षी मी त्याला गणितात नापास केलं आणि तो चार वर्षांची शाळा सोडून कारागिरीच्या तीन वर्षांच्या शाळेत गेला. त्याने तो विषय काढला नाही. मीही काढला नाही. मी कॉफी चुलीवर ठेवली.

"बाकीचे विषय मी उरकतो," तो म्हणाला. "गणित मात्र तुमच्याशिवाय जमायचं नाही."

"आणि नाही जमलं तर?"

"तर उग्लेशा."

"तो उपनगराध्यक्षांचा भाचा?"

"तोच. चार वर्षांचं प्रमाणपत्र आहे ना त्याच्याकडे."

"कसलं?"

"खानावळ आणि पर्यटन." वितोमिरने कपातल्या कॉफीत बघितलं. "रुमालाचा हंस करतो बाई. फार सुरेख करतो. पोरगा वाईट नाही हो. पण आग लागली की वर बघतो."

आगीकडे बघायचं नाही तर काय दुधाच्या पातेल्याकडे बघायचं, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण म्हटलं जाऊ दे, पाहुणा आहे.

दुसऱ्या दिवसापासून तो पाळी संपली की यायला लागला. चौथ्या वर्षाचं गणित राहिलं बाजूला, आधी पहिल्या वर्षाचंच उकरून काढावं लागलं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? बहुपदी समोर ठेवली की हा तिच्याकडे अशा नजरेने बघायचा, जशी काही ती एखादी गरीब बाई आहे आणि आम्ही तिच्या घरावर जप्ती आणतोय.

"हिचे अवयव कशाला पाडायचे बाई? चांगली धडधाकट आहे."

"समीकरण सोडवायला!"

"पण तोडून काय मिळतं?"

तीस वर्षांपूर्वी हाच प्रश्न त्याने वर्गात विचारला होता आणि मी त्याला बाहेर उभं केलं होतं. या वेळी मी नुसता चष्मा काढून पुसला. वयानुसार माणूस थोडा नरमतो, दुसरं काय.

"मला सांग, आग कशी विझवतोस?"

"कसली आहे त्यावर आहे. लाकडाची असली तर पाणी, थंड करायची. तेलाची असली तर झाकायची, हवा तोडायची. रानातली असली तर पुढचं गवतच कापून टाकायचं, जळण संपलं की झालं. आगीला तिन्ही लागतात ना बाई, जळण, हवा आणि उष्णता. त्यातलं एक काढलं की..."

तो थांबला.

"एक काढलं की?"

"शून्य."

मी वही त्याच्यापुढे सरकवली. तीन कंस एकमेकांना गुणलेले, बरोबर शून्य. तो बराच वेळ बघत बसला. मग असा काही ओरडला, की शेजारीण कुंपणावरून डोकावली.

"म्हणजे घाव कुठे घालायचा ते कळायला अवयव पाडायचे! तिघांतला कुठलाही एक शून्य झाला की सगळं शून्य! अहो बाई, मग हे तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तेव्हा तू बंबवाला नव्हतास," मी म्हटलं. उत्तर झक्कास होतं. पण ती कॉफी मला कडू लागली.

पुढे गाडं भराभर चाललं. एकमेकांना बांधलेल्या दोन गोष्टी एकदम बदलत असतील, तर एकीच्या वेगावरून दुसरीचा वेग कसा काढायचा, हा धडा पोरांना शिकवताना माझ्या नाकी नऊ येतात. वितोमिरला मी नुसतं आलुबुखाराच्या रसाचं नरसाळं दाखवलं. खालची धार तीच, पण वरून रस हळूहळू उतरतो आणि तळाशी आला की सुर्रकन जातो.

"हे होय? हे तर आमचं रोजचंच. वर रुंद म्हणून हळू, खाली अरुंद म्हणून झटकन."

"ते आकड्यांत मांड."

त्याने मांडलं. एक चूक केली आणि ती स्वतःच शोधून काढली. त्या दिवशी मी त्याला राकियाचा, आमच्याकडच्या फळांच्या दारूचा, एक छोटा पेला दिला. हे मी पूर्वी कुठल्याही विद्यार्थ्याच्या बाबतीत केलेलं नाही.

मग शिडी आली. हे गणित सगळ्याच पुस्तकांत असतं. मी मोठ्याने वाचलं, "पाच मीटर लांबीची शिडी भिंतीला टेकवली आहे. शिडीचा पाय सेकंदाला अर्धा मीटर या वेगाने भिंतीपासून दूर सरकतो आहे. तर शिडीचं वरचं टोक..."

"कोण ओढतंय?"

"कुणी ओढत नाही. सरकतोय."

"मग पायाशी माणूस कुठंय?"

"अरे, गणितात माणूस नाहीये!"

"बिनमाणसाची शिडी लावली कुणी?" त्याने वही मिटली. पहिल्यांदाच न विचारता मिटली. "हे सोडा बाई. दुसरं कुठलंही द्या, दहा द्या. हे नको."

मी तोंड उघडलं होतं झापायला. पण त्याचा चेहरा बघितला आणि परत मिटलं.

"एकोणीस वर्षं झाली," तो म्हणाला. "पिठाच्या गिरणीला आग लागली होती. बुडिमिर शिडीवर होता, मी खाली. पाय धरायचं काम माझं."

बुडिमिरला सगळं गाव ओळखतं. शाळेच्या कोपऱ्यावर वर्तमानपत्रांची टपरी चालवतो. खुबा मोडल्यापासून पाय ओढत चालतो, पण जीभ दोन्ही पायांवर पळते.

"शिडीचं रबर झिजलं होतं असं तो सांगतो," वितोमिर म्हणाला. "अहवालातही त्याने तेच लिहून दिलं."

"मग?"

"रबर झिजलेलं नव्हतं बाई. मी वर बघत होतो. ज्वाळा बघत होतो. असा लाल-पिवळा डोंब उसळला होता, आणि मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. पाय सरकलेला मला कळलाच नाही." त्याने पेन्सिल सरळ केली, परत वाकडी केली. "हे मी त्याला कधी सांगितलं नाही. कुणालाच नाही. आता प्रत्येक आगीला मी शिडीच्या पायाशी उभा राहून ओरडतो, पाय बघा रे, पाय बघा, वर बघायला मी आहे! पोरं हसतात मला. हसू देत. पण उद्या मी तिथे नसलो की सगळी वर बघत उभी राहतील, आणि त्यांचा प्रमुख सगळ्यांत जास्त बघेल."

मला टोपीचं काही नव्हतं वाटत आतापर्यंत. माणसाला मान हवा असतो, असतो तर असतो. पण हे वेगळं होतं. मी म्हटलं, "उद्या सहाला ये. नरसाळ्याची गणितं करू."

आणि ती शिडी आम्ही गाळली. चाळीस वर्षांत मी पहिल्यांदा एखादं गणित गाळलं. परीक्षेच्या चिठ्ठ्या मीच लिहिल्या होत्या, तीस चिठ्ठ्या. एकेका चिठ्ठीत तीन प्रश्न, परीक्षेला येणाऱ्याने न बघता एक उचलायची. शिडी सतराव्या चिठ्ठीत होती. ती चिठ्ठी काढून टाकणं मला काही अवघड नव्हतं. पण नाही काढली, आणि नाही काढली म्हणून तीन दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

परीक्षा ऑगस्टच्या शेवटच्या शुक्रवारी होती. गावात लाल मिरच्या भाजायचे दिवस. अंगणाअंगणात धूर. त्या धुरामुळे बंबाला दिवसातून चारदा खोटी बोलावणी. मंडळावर मी, मुख्याध्यापिका आणि भौतिकशास्त्राचे ओस्तोया सर. गणिताचा दुसरा माणूस सुट्टीला समुद्रावर गेला होता. ऑगस्टमध्ये आमच्याकडे कामाचा माणूस समुद्रावरच असतो.

आता परीक्षेला निघालेल्या माणसाच्या मागे पाणी ओतायची आमच्याकडे रीत आहे. काम पाण्यासारखं वाहत जावं म्हणून. आया ओततात, आज्या ओततात, पेलाभर पाणी उंबऱ्यावर टाकलं की झालं. वितोमिर फाटकातून आत आला, तर बाहेर लाल बंब उभा. पाळीतली सहाही माणसं ओळीने. आणि टपरीतून पाय ओढत आलेला बुडिमिर हात वर करून ओरडतोय.

"बंबवाल्याच्या मागे पेलाभर पाणी? लाज नाही वाटत? सोडा रे!"

त्यांनी रस्त्यावरच्या मोठ्या नळाला पाइप लावून सोडलं. धार फाटकावर अशी बसली, की वितोमिरचा सदरा मागून चिकटला आणि दारातली झेंडूची कुंडी जिन्यापर्यंत वाहत गेली. मुलं टाळ्या पिटायला लागली. शाळेची शिपाईण रुझा खराटा घेऊन धावली. आता बंद करा, असं मी खिडकीतून ओरडले आणि आत वळले. नळ बंद होत नव्हता, हे आम्हाला मागाहून कळलं.

"चिठ्ठी काढा," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

वितोमिरने ओला हात पँटला पुसून चिठ्ठी काढली. उलगडली. वाचली. आणि माझ्याकडे बघितलं. त्याने आकडा सांगायच्या आधीच मला कळलं होतं.

"सतरा," तो म्हणाला.

"नियमाप्रमाणे चिठ्ठी एकदा बदलता येते," मी म्हटलं. "बदल."

त्याने चिठ्ठी टेबलावर ठेवली. हात दुसऱ्या चिठ्ठ्यांपर्यंत गेला. तिथे थांबला. मग परत आला.

"राहू दे," तो म्हणाला. "ही मलाच यायची होती."

पहिला प्रश्न अवयवांचा. एक्सचा घन, वजा सहा एक्सचा वर्ग, अधिक अकरा एक्स, वजा सहा. त्याने सहाचे भाजक पुटपुटत एक टाकून बघितला, शून्य आलं. मग दोन, मग तीन. तीन कंस फळ्यावर मांडले आणि प्रत्येकाखाली बारीक अक्षरात लिहिलं: जळण, हवा, उष्णता. ओस्तोया सर वाकून वाचायला लागले.

"हे काय आहे?"

"पद्धत आहे," मी खेकसले. "पुढे चल."

साडेनऊ वाजून गेले होते. त्याने फळ्यावर भिंत काढली, जमीन काढली, शिडी काढली. आणि शिडीच्या पायाशी एक छोटा माणूस काढला. इतक्यात दार धाडकन उघडलं आणि रुझा आत घुसली, गुडघ्यापर्यंत ओली.

"तळघरात पाणी शिरतंय! गटार तुंबलं, पाणी सगळं कोळशाच्या रिकाम्या खड्ड्यात वळलं! साडेनऊच्या बातम्या लागल्या तेव्हा वळलं, आणि आत्ता पहिल्या पट्टीला लागलं! अडीच मिनिटांत अर्धा मीटर! नवा पंप गेला!"

मुख्याध्यापिका मटकन खुर्चीत बसल्या. शाळा उबदार ठेवणारा तो पंप मिळवायला त्यांनी तीन हिवाळे नगरपालिकेचे उंबरे झिजवले होते. कोळसा मोजायला खड्ड्याच्या भिंतीवर अर्ध्या अर्ध्या मीटरवर पांढऱ्या पट्ट्या मारलेल्या, आणि पंप बरोबर तिसऱ्या पट्टीवरच्या ओट्यावर.

"आणखी पाच मिनिटांत बुडणार!" रुझा रडकुंडीला आली. "नळ बंद होत नाहीये, सहाही जण लोंबकळतायत त्याला! वाळूची पोती नदीपलीकडे स्टेशनवर, पाणीखात्याचा माणूस समुद्रावर!"

वितोमिर खडू टाकून दाराकडे निघालाच होता.

"थांब!" मी ओरडले. "पेपर अर्धवट टाकून खोलीबाहेर गेलास तर गैरहजर धरतात. पुढची परीक्षा ऑक्टोबरमध्ये."

तो दारात थांबला. पाठ आमच्याकडे. त्या पाठीचं मला इतकं वाईट वाटलं, की नियम करणाऱ्याच्या सात पिढ्यांचा मी उद्धार केला, अर्थात मनात.

"रुझाताई, तळघरात कुणी आहे का?" त्याने विचारलं.

"कुणी नाही. मांजरसुद्धा वर आलंय."

"मेन स्विच?"

"तो मी कधीच पाडला. मी काय वेडी आहे?"

"मग फक्त पंपच आहे." तो हळूहळू वळला. फळ्याकडे बघितलं, रुझाकडे बघितलं. "पाच मिनिटं नाहीत ताई."

"अरे, मी डोळ्यांनी बघून आले!"

"तो खड्डा मी दर वर्षी तपासतो. पाच मीटर लांब, खाली घळीसारखा निमुळता. जेवढी खोली, त्याच्या दुप्पट रुंदी." फळ्याच्या कोपऱ्यात खडू चालायला लागला. "पहिल्या अर्ध्या मीटरला सव्वा घनमीटर पाणी लागतं. अडीच मिनिटांत भरलं, म्हणजे मिनिटाला अर्धा घनमीटर येतंय. पण वर खड्डा रुंद होत जातो. आत्ता पाणी मिनिटाला दहा सेंटिमीटर चढतंय. दुसऱ्या पट्टीशी पाचच चढेल. तिसरीशी तीन, साडेतीन." त्याने खाली रेघ मारली. "साडेनऊपासून धरून पंपापर्यंत साडेबावीस मिनिटं. म्हणजे नऊ बावन्न. मी नऊ अठ्ठेचाळीसला निघतो."

मी मनातल्या मनात आकडे फिरवून बघितले. उलटसुलट बघितले. बरोबर होते.

"रुझाताई," ओस्तोया सर हळूच म्हणाले, "तुम्ही दुसऱ्या पट्टीवर लक्ष ठेवा. नऊ चाळीसला लागली पाहिजे."

"आणि नाही लागली तर?"

"तर मी राजीनामा देतो," मी म्हटलं. माझी निवृत्ती पुढच्या आठवड्यात होती, ते सोडा.

वितोमिर शिडीकडे वळला. पायथागोरस मांडला, दोन्ही वेग एकत्र बांधले, आणि मग प्रश्नात एकच जागा विचारलेली असताना त्याने चार जागा काढल्या. पाय भिंतीपासून एक मीटर चाळीसवर असताना वरचं टोक सेकंदाला पंधरा सेंटिमीटर उतरतं. तीन मीटरवर असताना साडेसदतीस. चार मीटरवर सदुसष्ट. चार मीटर ऐंशीवर एकशे एकाहत्तर. खाली पाय एकाच चालीने सरकतोय, आणि वर हे असं.

दारातून रुझाचा आवाज आला, "दुसरी पट्टी! नऊ चाळीस!" आणि मुख्याध्यापिकांनी छातीवर क्रूस काढला.

वितोमिरने ऐकलंच नाही. तो पहिल्या आकड्यावर बोट ठेवून उभा होता.

"पंधरा," तो म्हणाला. "वीतभरसुद्धा नाही. बाई, सुरुवातीला वर काही होतच नाही. वर बघणाऱ्याला वाटतं, सगळं ठीक आहे. जे व्हायचं ते पायाशी होत असतं. आणि वर दिसायला लागेपर्यंत..." बोट खाली एकशे एकाहत्तरवर आलं. "तोपर्यंत कुणाच्याच हातात काही राहत नाही."

"उत्तर लिही," मी म्हटलं. दुसरं काही म्हणायचा मला धीर नव्हता.

त्याने लिहिलं. तिसरा प्रश्न सोपा होता, उभ्या उभ्याच उरकला. घड्याळात नऊ सत्तेचाळीस. मी म्हटलं, "परीक्षा संपली." हे शब्द पुरे व्हायच्या आत तो जिन्यात होता.

खिडकीतून आम्ही तिघं लोंबकळून बघत होतो. सहा जण अजून त्या नळाशी झोंबत होते, पुढे उग्लेशा, लालबुंद, जीव तोडून बंद करतोय. वितोमिरने त्याला बखोटीला धरून बाजूला केलं. नळ बंद करायच्या ऐवजी आणखी अर्धा फेरा उघडला. पाणी वर उसळलं, बुडिमिर सगळ्यांना आया-बहिणींवरून ऐकवायला लागला. मग वितोमिरने हातोडीने एक दणका दिला आणि चावी उलटी फिरवली. धार मान टाकल्यासारखी खाली बसली. नऊ एक्कावन्न.

पाणी पंपाच्या खाली तीन बोटांवर थांबलं होतं. रुझाने बोटं लावून मोजलं.

निकाल ऐकायला तो परत आला तेव्हा त्याच्या बुटांतून पचपच आवाज येत होता. मुख्याध्यापिका म्हणत होत्या पाचपैकी पाच द्या, ओस्तोया सर म्हणत होते सहा असते तर सहा द्या. मी चार लिहिले.

"चार का?" त्याने विचारलं. आवाजात तक्रार नव्हती, पण डोळ्यांत होती.

"शेवटच्या उत्तराखाली एकक लिहिलं नाहीस. एकशे एकाहत्तर काय? सेंटिमीटर? बटाटे?"

तो हसला. मग मी टोपण लावायच्या निमित्ताने पेनाकडे बघत म्हटलं, "वितोमिर, त्या वर्षी मी तुझी फक्त उत्तरं बघितली होती. पाय कुठे सरकला ते बघायला मी खाली वाकले नाही. ते माझं काम होतं."

त्याने माझी पिशवी उचलली आणि म्हणाला, "चला, कोपऱ्यापर्यंत सोडतो."

कोपऱ्यावर बुडिमिर ओली वर्तमानपत्रं दोरीवर वाळत घालत होता.

"काय रे, वाहिलं का पाण्यासारखं?"

"पास. चार."

"चार! या बाईकडून चार म्हणजे दुसऱ्याकडून चौदा! कुठलं गणित आलं?"

"शिडीचं."

बुडिमिरचा हात दोरीवरच राहिला. वितोमिरने माझी पिशवी खाली ठेवली, दोन्ही हात शिक्षा झालेल्या पोरासारखे बाजूला सरळ सोडले.

"बुडा, ते रबर झिजलेलं नव्हतं. मी वर बघत होतो. मी पायाकडे बघतच नव्हतो."

बुडिमिरने चिमटा लावला. पेपर सरळ केला. दुसरा चिमटा लावला.

"रबर झिजलेलं नव्हतं हे मला सांगतोस?" तो म्हणाला. "गाढवा, आदल्या दिवशी मीच नवं बसवलं होतं."

वितोमिर बघतच राहिला.

"मग अहवालात..."

"वीस-पंचवीस वर्षांचं पोर होतंस. खरं लिहिलं असतं तर तुला काढून टाकलं असतं, आणि तू शिडीकडे पुन्हा बघितलं नसतंस. आता बघ, गावातल्या एकूण एक शिडीचा पाय तू बघतोस." त्याने नाक पुसलं, बाही आधीच ओली होती. "आणि वर मीसुद्धा बघत होतो रे. आग वरच होती ना!"

वितोमिर टपरीच्या पायरीवर बसला आणि ओल्या बाह्यांत तोंड घालून रडायला लागला, एवढा मोठा माणूस. बुडिमिर दुखरा पाय लांब करून त्याच्या शेजारी बसला आणि त्याच्या पाठीवर थापा मारत, नळ बिघडवल्याबद्दल नगरपालिकेला आता काय थाप मारायची याचा विचार करायला लागला. मी दोरीवरचं एक वर्तमानपत्र ओढून डोळ्यांसमोर धरलं. ते उलटं होतं, हे मला बऱ्याच वेळाने कळलं.